अभयारण्यात रिसर्च करायचाय? अर्जापासून शेवटच्या रिपोर्टपर्यंत काय काय करावं लागतं

दरवर्षी मार्च-एप्रिलमध्ये एमएस्सी नाहीतर पीएचडी करणाऱ्या पोरापोरींचे मेसेज येतात, कोयना अभयारण्यात बेडकांवर काम करायचंय, जूनमध्ये फील्ड सुरू करायचंय, परवानगी कुठे मिळते. आणि मला दरवेळी सांगावं लागतं की यंदाचा पाऊस धरू नका, अर्ज आत्ताच टाका पण तयारी पुढच्या जूनची करा. वाईट वाटतं सांगताना, कारण माझा स्वतःचा पहिला सीझन असाच गेला होता, बेडूक ओरडायला लागले पहिल्या पावसात आणि पत्र हातात पडलं सप्टेंबरात, तोवर सड्यावरची, म्हणजे डोंगरमाथ्यावरच्या कातळपठारावरची, डबकी आटत आलेली. म्हणून हे सगळं एकदा सविस्तर लिहून ठेवतोय. हे महाराष्ट्रापुरतं आहे, कायदा देशभर एकच असला तरी ऑफिसं आणि पद्धती राज्याराज्यात वेगळ्या असतात.

सगळ्यात आधी अर्जाचं डोक्यातून काढा आणि एक कोरा कागद घ्या. त्यावर तुम्ही जंगलात हाताने नेमकं काय काय करणार ते लिहा. विषय नको, उद्दिष्टं नकोत, फक्त क्रिया. चालणार, मोजणार, आवाज रेकॉर्ड करणार, फोटो काढणार, दगड उलटवणार, बेडूक हातात धरणार, वजन करणार, तोंडातून स्वॉब घेणार, विष्ठा गोळा करणार, रोपटं उपटणार, कॅमेरा ट्रॅप (जनावर समोरून गेलं की आपोआप फोटो काढणारा कॅमेरा) लावणार, रात्री थांबणार. हे का, तर आपला वन्यजीव (संरक्षण) कायदा, १९७२ चा, तो तुमचा विषय किती महत्त्वाचा आहे हे बघत नाही, तुम्ही काय करणार हे बघतो. नुसतं आत जाऊन बघणं, अभ्यास करणं, फोटो काढणं यासाठी कलम २८ आहे, त्यात मुख्य वन्यजीव रक्षक अभयारण्यात शिरायचा किंवा राहायचा परवाना देऊ शकतात आणि राष्ट्रीय उद्यानालाही हेच लागू होतं. इथपर्यंत तुलनेने सोपं.

पण ज्या क्षणी तुम्ही प्राण्याला हात लावता तिथे गोष्ट बदलते. कायद्यातली शिकारीची व्याख्या कलम २ मध्ये आहे, ती प्रत्येकाने स्वतः वाचलीच पाहिजे. त्यात मारणं तर आहेच पण पकडणं, सापळा लावणं, आमिष दाखवणं, शरीराचा कुठलाही भाग घेणं, पक्ष्यांची नाहीतर सरपटणाऱ्या प्राण्यांची अंडी-घरटी डिस्टर्ब करणं हे सगळं शिकारच आहे. म्हणजे तुम्ही अनुसूचीतला (कायद्याला जोडलेल्या संरक्षित जातींच्या यादीतला) बेडूक पकडून, मोजून, दोन मिनिटांत परत सोडला तरी कायद्याच्या भाषेत ती शिकार झाली. यासाठी कलम १२ आहे, शिक्षण आणि वैज्ञानिक संशोधनासाठी खास परवानगी, पण ती मुख्य वन्यजीव रक्षक एकटे देऊ शकत नाहीत. प्राणी अनुसूची १ मधला असेल तर केंद्र सरकारची पूर्वपरवानगी लागते आणि बाकीच्यांसाठी राज्य सरकारची. फाईल नागपूरहून, म्हणजे मुख्य वन्यजीव रक्षकांच्या ऑफिसातून, मुंबईला नाहीतर दिल्लीला जाऊन परत येणार, त्यात किती महिने जातात हे तुम्हीच समजून घ्या.

अनुसूची बघताना नवीन बघा. २०२२ च्या दुरुस्तीने जुन्या सहा अनुसूचींच्या चार केल्या आणि त्या १ एप्रिल २०२३ पासून लागू झाल्या, प्राण्यांसाठी आता १ आणि २, वनस्पतींसाठी ३, आणि ४ ही आंतरराष्ट्रीय व्यापारावर बंधन असलेल्या जातींची. गाईडच्या जुन्या थीसिसमधून शेड्युल कॉपी करून अर्जात टाकलेलं मी बघितलंय, बरेच प्राणी एका यादीतून दुसऱ्या यादीत गेलेत त्यामुळे अशी फाईल पहिल्याच टेबलावरून परत येते.

वनस्पतीवाल्यांनी पण निवांत राहू नये. अभयारण्याच्या आतून काहीही तोडून न्यायचं तर कलम २९ आड येतं, मग ते साधं गवत का असेना. हर्बेरियमसाठी (वाळवून जपलेल्या वनस्पतींच्या संग्रहासाठी) नमुने हवे असतील तर किती जाती, प्रत्येकी किती नमुने आणि ते शेवटी कुठल्या संस्थेत जमा होणार हे आधीच लिहून मागा.

माझा सल्ला असा की जिथे हात न लावता काम भागतं तिथे भागवाच. बेडकांच्या बाबतीत आवाज रेकॉर्ड करून कितीतरी प्रश्न सुटतात, सस्तन प्राण्यांमध्ये विष्ठा आणि ठशांवरून, त्यामुळे कलम १२ टळू शकतं आणि जनावराला त्रास पण होत नाही. (विष्ठा, केस, गळालेली पिसं गोळा करायची असतील तर तेही स्पष्ट लिहून मागा, आपल्याला वाटतं पडलेलीच वस्तू आहे, पण आतून काहीही बाहेर न्यायला परवानगी लागतेच.) खरंच पकडायची गरज असेल तर पहिल्या वर्षी कलम २८ वर सर्व्हे आणि रेकॉर्डिंग सुरू करा आणि कलम १२ चा अर्ज त्याच वेळी वेगळा टाका, म्हणजे एक अडकलं तरी दुसरं चालू राहतं.

आता अर्ज कुणाला. परवाना देणारे प्रधान मुख्य वनसंरक्षक (वन्यजीव) तथा मुख्य वन्यजीव रक्षक, त्यांचं ऑफिस नागपूरला. अर्ज त्यांच्या नावे आणि त्याची प्रत खाली क्षेत्राच्या ऑफिसला. व्याघ्र प्रकल्प असेल तर क्षेत्र संचालक, म्हणजे ताडोब्याचे चंद्रपूरला, मेळघाटचे अमरावतीला, सह्याद्रीचे कोल्हापूरला. वरच्या ऑफिसातून फाईल खाली अभिप्रायासाठी येतेच, आणि खालच्या साहेबांनी तुमचं नाव कधी ऐकलेलंच नसेल तर ती तिथेच पडून राहते. त्यामुळे अर्ज टाकायच्या आधी एकदा डीएफओ (विभागीय वन अधिकारी) नाहीतर एसीएफना (सहाय्यक वनसंरक्षकांना) प्रत्यक्ष भेटा, काय करायचंय ते दहा मिनिटांत सांगा आणि त्यांना विचारा की तुम्हाला या भागातलं काय माहिती करून घ्यायचंय. हे मी नुसतं चांगलं दिसावं म्हणून सांगत नाहीये. त्यांच्या मॅनेजमेंट प्लॅनमध्ये कितीतरी प्रश्न अनुत्तरित पडलेले असतात, कुठला पाणवठा उन्हाळ्यात टिकतो, घाणेरी काढल्यावर गवत परत येतं का, आणि तुमच्या कामातून त्यातल्या एकाचं जरी उत्तर निघत असेल तर अभिप्राय लवकर आणि चांगला येतो.

प्रस्तावात काय असावं यावर सगळ्यात जास्त वेळ घाला. इंट्रोडक्शन एक पान पुरे, जगभरात यावर काय झालंय ते तिथे कुणी वाचत नाही. त्याऐवजी नकाशा द्या, कुठल्या रेंजमध्ये, कुठल्या राऊंडमध्ये, कुठल्या बीटमध्ये, शक्य असेल तर कंपार्टमेंट नंबरसकट (हे वनखात्याने पाडलेले जंगलाचे लहान लहान होत जाणारे भाग). कुठल्या महिन्यात किती दिवस. सकाळी की रात्री. "रात्री" हा शब्द लपवू नका, बेडकांचं काम रात्रीच होतं, आणि पत्रात रात्रीचा उल्लेख नसेल तर संध्याकाळी सहानंतर तुम्हाला आत ठेवायचा अधिकार आरएफओंनाही (रेंजच्या वनपरिक्षेत्र अधिकाऱ्यांनाही) नसतो. सोबत काय सामान नेणार त्याची यादी, अल्कोहोल नेणार असाल तर किती टक्के आणि किती मिली, कारण वन्यजीवांना अपाय होईल अशी रसायनं आत वापरायला कलम ३२ ची बंदी आहे, त्यामुळे कशासाठी आणि कसं हाताळणार हे लिहिलेलं बरं. ड्रोन उडवायचा असेल तर वेगळा परिच्छेद. गाडीचा नंबर. आणि टीममधल्या प्रत्येकाचं नाव, ओळखपत्रासकट. फील्ड असिस्टंटचं पण. हे मी ठासून सांगतोय कारण माझ्यासोबतचा गावातला मुलगा, ज्याला त्या जंगलातली वाट न वाट पाठ होती, त्याचं नाव पत्रात नव्हतं म्हणून त्याला गेटवर थांबवलं आणि ते बरोबरच होतं, चूक माझी होती, पण नाव घालून सुधारित पत्र यायला दीड महिना गेला.

जोडायची कागदपत्रं: संस्थेच्या प्रमुखांचं पत्र, गाईडचं पत्र, सिनॉप्सिस, प्राण्यांना हात लावणार असाल तर संस्थेच्या एथिक्स कमिटीची मंजुरी, आणि हमीपत्र. एक सेट टपालाने, एक ईमेलने, आणि आवक क्रमांक मागून घ्या, पुढचा सगळा पाठपुरावा त्या नंबरावर होतो. फोन करताना "माझ्या अर्जाचं काय झालं" म्हणू नका, "अमुक तारखेचा अमुक आवक क्रमांक" म्हणा, समोरच्याला शोधायला सोपं जातं.

परदेशात शिकणाऱ्या आपल्या मंडळींसाठी एक महत्त्वाची गोष्ट. जैवविविधता कायदा २००२ च्या कलम ३ प्रमाणे परदेशी नागरिक तर सोडाच, पण आयकर कायद्यानुसार अनिवासी ठरणारा भारतीय नागरिक असला तरी इथली जैविक संसाधनं संशोधनासाठी घ्यायला चेन्नईच्या राष्ट्रीय जैवविविधता प्राधिकरणाची आधी मंजुरी लागते. म्हणजे तुम्ही साताऱ्याचे, आजोळ पाटणला, पण पीएचडी अमेरिकेत चालू आहे, तर फक्त वनखात्याचं पत्र पुरत नाही. सुट्टीत येऊन चार नमुने बॅगेत घालून नेणं बेकायदेशीर आहे.

पत्र आलं की लोकांना वाटतं झालं काम. नाही, आता ते पत्र खाली पोचवायचं असतं. पत्र नागपूरहून निघालं तरी बीटवरच्या वनरक्षकाला ते माहिती असेलच असं नाही, म्हणून दहा झेरॉक्स काढा, विभागीय ऑफिस, आरएफओ, वनपाल, गेट, संरक्षण कुटी (वनरक्षकांची जंगलातली चौकी) सगळीकडे स्वतः नेऊन द्या, आपला फोन नंबर लिहून. अटी मोठ्याने वाचून घ्या टीमसमोर. साधारण अटी अशा असतात की सोबत वनकर्मचारी हवा, काही गोळा करायचं नाही, फोटो विकायचे नाहीत, ठरावीक काळाने अहवाल द्यायचा, थीसिसची प्रत जमा करायची. आणि शेवटची तारीख बघा! परवाना संपल्यावर एक दिवस जरी आत गेलात तर तुम्ही विनापरवाना घुसलेले आहात. अभयारण्यात नाहीतर राष्ट्रीय उद्यानात शिकारीला कमीत कमी तीन वर्षं आणि जास्तीत जास्त सात वर्षं कैद आहे, आणि शिकारीत पकडणं येतं हे वर सांगितलंच.

फील्डवर असताना रोज दोन ओळी लिहा, किती वाजता आत, किती वाजता बाहेर, कोण सोबत, कुठला बीट. मेलेलं जनावर दिसलं तर हात लावायचा नाही, लगेच आरएफओंना कळवायचं आणि कुणी येईपर्यंत शक्य असेल तर तिथेच थांबायचं, आत राहण्याचा परवाना असलेल्यावर ही जबाबदारी कायद्यानेच टाकलेली आहे, कलम २७. फासे दिसले, कुऱ्हाडीचे ताजे घाव दिसले, आग दिसली, तेही त्याच दिवशी. सहा महिन्यांनी रिपोर्टमध्ये वाचून कुणाला काही करता येत नाही. बेडूकवाल्यांनी एका ओढ्यातून दुसऱ्यात जाताना बूट घासून, निर्जंतुक करून, वाळवून जा, बेडकांना मारणारी कायट्रिड बुरशी आपल्याच बुटांना लागून पसरू शकते. आणि सड्यावरचा दगड उलटवला तर जसा होता तसाच परत ठेवा, त्याखाली देवगांडूळ (बेडकांचा बिनपायाचा नातेवाईक) असेल, विंचू असेल, त्याचं ते घर आहे.

कॅमेरा ट्रॅपवाल्यांना एक विनंती. कॅमेऱ्यात माणसं येतातच, सरपणाला आलेल्या बायका, गुरं राखणारी पोरं. हे फोटो ग्रुपवर टाकायचे नाहीत, प्रेझेंटेशनमध्ये पण नाहीत. कॅमेरे लावायच्या आधी पाड्यावर जाऊन सांगा कुठे लावतोय आणि कशासाठी, माणसांचे फोटो कोण बघणार, त्यांचं काय होणार, हेही सांगा. आणि जे सांगाल ते पाळा.

आता रिपोर्ट. इथे आपण सगळे कमी पडतो आणि त्याची किंमत मागून येणारे भरतात, आधीच्या विद्यार्थ्याने अहवाल दिला नाही म्हणून त्याच कॉलेजच्या पुढच्या अर्जावर नकारात्मक शेरा आलेला मी बघितलाय. सहामाही अहवाल म्हणजे पेपरचा ड्राफ्ट नव्हे. त्यात परवान्याचा क्रमांक आणि तारीख, किती दिवस काम केलं, कुठल्या बीटमध्ये, काय दिसलं त्याची यादी जीपीएससकट, काय करायचं राहिलं आणि का, एखादं जनावर हाताळताना मेलं असेल तर ते पण स्पष्ट लिहायचं. लपवू नका. निष्कर्ष निघाले नसतील तर नाही निघाले असं लिहा, चालतं ते. मुदतवाढ हवी असेल तर हाच अहवाल जोडून परवाना संपायच्या तीन-चार महिने आधी अर्ज करा.

आणि त्यासोबत दोन पानं मराठीत. कुणी मागत नाही, तरी द्या. इंग्रजी थीसिस कपाटात जातो, मराठीतली दोन पानं संरक्षण कुटीत भिंतीवर लागतात. मी पहिल्यांदा बेडकांचे फोटो, नावं आणि कुठल्या महिन्यात कुठला ओरडतो असा तक्ता करून दिला तेव्हा त्या बीटच्या वनरक्षकांनी मला तीन जागा सांगितल्या जिथे मी दोन वर्षांत गेलोच नव्हतो. अशा माहितीचा उपयोग वरपर्यंत होतो. २०१९ मध्ये यवतमाळच्या टिपेश्वर अभयारण्यातल्या एका तरुण वाघाला रेडिओ कॉलर (ठिकाण कळवणारा गळपट्टा) लावली होती, तो शेतं, रस्ते, गावं ओलांडत पार बुलढाण्याच्या ज्ञानगंगा अभयारण्यात पोचला, आणि वाटेवरच्या वनखात्याला तो कुठे आहे ते कळत होतं म्हणून गावांना वेळेत सांगता आलं. तो डेटा नुसता कुणाच्या लॅपटॉपमध्ये राहिला असता तर?

खात्याला जीपीएस पूर्ण द्या पण पेपरमध्ये दुर्मिळ जातीचं नेमकं ठिकाण छापू नका, तालुका नाहीतर डोंगररांग पुरे. नवीन पाल किंवा साप छापून आला की पाळीव प्राण्यांच्या बाजारासाठी लोकं हुडकत येतात. पेपरमध्ये परवाना क्रमांक लिहा आणि सोबत फिरलेल्या वनरक्षक-वनमजुरांची नावं आभारात घाला, त्यांना विचारून.

काम संपल्यावर ओढ्याकाठी बांधलेल्या रिबिनी, खिळे, डेटा लॉगर, सगळं मोजून बाहेर काढा, किती लावले होते आणि किती काढले ते लिहा. मग "काम पूर्ण झालं" असं पत्र, अंतिम अहवाल, थीसिसची प्रत, पेपर छापून आला असेल तर तो, हे नागपूरला आणि क्षेत्राच्या ऑफिसला दोन्हीकडे द्या आणि दोन्हीकडून पोच घ्या. त्या पोचेची झेरॉक्स डिपार्टमेंटच्या फाईलला लावून ठेवा, पुढच्या मुलीचा अर्ज जाईल तेव्हा ती जोडता येईल.