बेंदराचा बैल घराहून मोठा काढताना

लहान मुलांसारखे चित्र काढायचे म्हणजे हात मुद्दाम वेडावाकडा चालवायचा, हा समज आधी सोडून द्यावा. डाव्या हाताने ओढलेल्या थरथरत्या रेषेत मूल दिसत नाही. अवघडलेला मोठा माणूस दिसतो. मूल डोळ्यांना दिसते तेवढेच काढत नाही, तर मनाला ठाऊक असलेले आणि मोलाचे वाटणारे काढते, म्हणून त्याच्या चित्रात भिंतीआडची चूल दिसते आणि आजी झाडाहून उंच होते. आपल्याला घ्यायची आहे ती ही रीत. आधुनिक चित्रकार पॉल क्ले यांनी १९११ मध्ये आपल्या कामांची सूची करायला घेतली, तेव्हा बालपणीची काही निवडक चित्रेही तिच्यात नोंदवली. त्या चित्रांना ते किती गांभीर्याने पाहत होते, हे त्यावरून कळते.

सांगलीच्या माणसाने विषयासाठी दूर जाऊ नये. बेंदराच्या दिवशी शिंगे रंगवून, झूल पांघरून, घुंगुरमाळा वाजवत निघालेला बैल लहानपणी पाहिला असेल, तर ती आठवण घरातल्या कोणाला तरी आधी तोंडी सांगावी. सांगताना जे पहिल्यांदा ओठांवर येते, ते कागदावर सर्वांत मोठे काढावे. बैल घराहून मोठा झाला, तर होऊ द्यावा. मागे कृष्णा दाखवायची असल्यास पाणी वरून पाहिल्यासारखे पसरट आणि होडी बाजूने पाहिल्यासारखी काढावी. एकाच चित्रात दोन नजरा नांदू शकतात. पेन्सिलीने फार रेखाटू नये आणि खोडरबर तर हाताशी ठेवूच नये, कारण खोडण्याची सोय असली की हात बिचकतो.

खरी मेहनत रंगांची आहे. ३०० जीएसएमचा, म्हणजे चौरस मीटरला ३०० ग्रॅम वजनाचा, जाड कागद आणि ॲक्रिलिकचे पाच-सहा रंग पुरेसे होतात. प्रत्येक रंगात पांढरा मिसळण्याची सवय टाळावी, कारण त्याने रंग उजळतो तसा फिकाही पडतो. झुलीचा हळदी पिवळा उठावदार हवा असेल, तर त्यात काही मिसळण्यापेक्षा त्याच्या शेजारी जांभळा ठेवावा. पिवळ्याची सावली काळ्याने करू नये, तो हिरवट होतो; त्याऐवजी थोडा गेरूसारखा तांबूस रंग मिसळावा. सगळेच रंग भडक ठेवले तर नजरेला विसावा मिळत नाही, म्हणून एखादा मोठा भाग, बहुधा जमीन किंवा आकाश, शांत राखाडी ठेवावा. माझ्या मते चित्रातला आनंद या शांत जागेमुळेच उठून दिसतो.

क्रम मात्र काटेकोरपणे पाळावा. आधी ॲक्रिलिकचे सपाट, मोठे आकार भरावेत आणि ते पूर्ण वाळू द्यावेत. पावसाळ्यातल्या दमट हवेत त्याला नेहमीपेक्षा जास्त वेळ लागतो. त्यानंतरच तेली खडूंनी गोंडे, घुंगरू आणि झुलीवरची नक्षी काढावी. उलट केले, तर खडूच्या तेलकट थरावर ॲक्रिलिक नीट धरत नाही आणि पुढे पापुद्रे निघतात. तेली खडू कधीच पूर्ण कडक वाळत नाही, त्यामुळे चित्र काचेमागे लावावे आणि काच चित्राला टेकू नये म्हणून मध्ये पुठ्ठ्याची चौकट घालावी.

काचेत घालण्यापूर्वी चित्र एक-दोन दिवस भिंतीशी उभे करून येता-जाता पाहावे. बैलाचा पाय आखूड झाला असेल, तर तो राहू द्यावा. रंग मळकट झाला असेल, तर तेवढी जागा खरवडून पुन्हा रंगवावी.