अमेरिकेत डेंटल हायजीनच्या कोर्सला अर्ज कसा करावा

अर्ज भरायला पाऊण तास पुरतो. त्या अर्जात जे मोजतात, ते जमवायला मात्र दीड वर्ष लागतं. हे मला कुणी वेळेवर सांगितलं असतं तर माझं एक वर्ष वाचलं असतं.

मी महाराष्ट्रात बीडीएस करून लग्नानंतर न्यू जर्सीत आले. इथे पुन्हा डेंटिस्ट व्हायचं तर आयएनबीडीई ही डेंटिस्टच्या परवान्याची राष्ट्रीय परीक्षा द्यायची, परदेशी पदवीधरांसाठीच्या 'कापिड' या केंद्रीय अर्जव्यवस्थेतून डेंटल स्कूलमध्ये प्रवेश मिळवायचा आणि पुढची दोन-तीन वर्षं घराच्या कर्जाएवढी फी भरायची. ते झेपणारं नव्हतं, म्हणून मी हायजीनकडे वळले. हा लेख माझ्यासारख्यांसाठी आहे, तसाच इथे बारावी करून कॉलेज शोधणाऱ्या मुलामुलींसाठी आणि त्यांच्या आईबाबांसाठीही.

आपल्याकडे दात साफ करायला गेलं की डॉक्टरच साफ करून देतात. अमेरिकेत ते काम डेंटल हायजिनिस्टचं. दातांवरचं कीटण काढायचं, एक्स-रे घ्यायचे, फ्लोराइड लावायचं आणि हिरडी व दात यांच्यामधल्या फटीची खोली मोजायची. ही खोली प्रत्येक दाताभोवती सहा ठिकाणी मोजतात, म्हणजे तोंडात बत्तीस दात असतील तर १९२ आकडे. बहुतेक राज्यांत हायजिनिस्टला भूल देण्याचीही परवानगी असते. डॉक्टरांच्या शेजारी बसून मदत करणारी डेंटल असिस्टंट वेगळी. तिचं शिक्षण वेगळं आणि पगारही बराच कमी. कॉलेजच्या संकेतस्थळावर दोन्ही कोर्स शेजारी-शेजारी दिसतात, तेव्हा नाव नीट वाचून पुढे जा. या पेशाला स्वतःची परंपरा आहे. कनेटिकटमधल्या ब्रिजपोर्टच्या डॉ. आल्फ्रेड फोन्स यांनी १९०६ मध्ये त्यांची मदतनीस आयरीन न्यूमन हिला दात साफ करायला शिकवलं आणि १९१३ मध्ये या कामाची पहिली शाळा काढली. पगाराबद्दल सगळेच विचारतात: मे २०२४ च्या सरकारी आकडेवारीत हायजिनिस्टचं मध्यक वार्षिक वेतन (निम्म्यांना याहून जास्त, निम्म्यांना कमी) ९४,२६० डॉलर होतं.

कॉलेजला मान्यता आहे का, हे सगळ्यात आधी

कमिशन ऑन डेंटल ॲक्रेडिटेशन, बोलताना 'कोडा', ही संस्था हायजीनच्या कोर्सना मान्यता देते. तिच्या संकेतस्थळावर राज्यवार यादी आहे. मान्यता नसलेल्या कोर्सला पैसे भरू नका, कारण पुढे परवान्यासाठी लागणारी राष्ट्रीय बोर्डाची ३५० प्रश्नांची परीक्षा आणि राज्याचा परवाना दोन्ही त्या मान्यतेवर अडतात. जाहिरातीत 'लवकरच मान्यता' असं लिहिलेलं असेल तर त्या 'लवकरच'ची तारीख लेखी मागा.

मग अंतर आणि फी. न्यू जर्सीत पॅरामसचं बर्गन कम्युनिटी कॉलेज, एडिसनचं मिडलसेक्स कॉलेज अशी काउंटी कॉलेजं हा कोर्स चालवतात (काउंटी म्हणजे आपल्या जिल्ह्यासारखा भाग). काउंटीतल्या रहिवाशाची फी वेगळी, बाहेरच्याची वेगळी, राज्याबाहेरच्याची आणखी वेगळी. काही ठिकाणी रहिवाशांना निवडीतही प्राधान्य असतं. एकाच कॉलेजवर भिस्त ठेवू नका. एका तुकडीत साधारण वीस ते चाळीस जागा असतात आणि अर्ज त्याच्या कितीतरी पट.

गुणांचा तक्ता हाच खरा अभ्यासक्रम

प्रत्येक कॉलेजची हायजीन प्रवेशाची माहितीपुस्तिका असते आणि ती बहुधा दरवर्षी बदलते. ती उतरवून घ्या, छापा आणि पेन्सिल घेऊन बसा. शेवटच्या एक-दोन पानांवर बहुतेक वेळा गुणांचा तक्ता असतो: विज्ञानाच्या विषयांची सरासरी, एकूण सरासरी, प्रवेश परीक्षा, अर्जाच्या दिवशी किती विषय पूर्ण आहेत, डेंटल ऑफिसमधला अनुभव, आधीची पदवी. कुणाला कशाचे किती गुण, ते तिथे लिहिलेलं असतं.

आपली माणसं इथे एक चूक हमखास करतात. किमान सरासरी चारपैकी २.७५ किंवा ३.० लिहिलेली असते आणि आपली ३.२ आहे म्हणून निश्चिंत होतात. किमान सरासरी म्हणजे रांगेत उभं राहायची परवानगी. प्रवेश मिळालेल्यांची सरासरी कुठे होती, हे प्रवेश समुपदेशकाला विचारा. ते नाव सांगणार नाहीत, पण अंदाज देतात.

तक्त्यात आणखी दोन गोष्टी बारीक अक्षरात असतात. विषय पुन्हा दिला तर काय: काही कॉलेजं वरचा दर्जा धरतात, काही दोन्हींची सरासरी काढतात, काही थेट गुण कापतात. ॲनाटॉमीत सी मिळाल्यावर पुन्हा द्यावं की नाही, हे त्यावर ठरतं. दुसरी गोष्ट विषयाची मुदत. विज्ञानाचे विषय पाच किंवा सात वर्षांपेक्षा जुने चालत नाहीत, असा नियम बऱ्याच ठिकाणी आहे. माझा गाडा इथेच अडला. बीडीएसला मायक्रोबायोलॉजीत मला चांगले गुण होते, पण त्याला नऊ वर्षं झाली होती. अर्जाला तीन आठवडे उरले असताना मला ते कळलं. त्या वर्षी मी अर्जच केला नाही.

विषयांचा क्रम उलट्या बाजूने लावा

हायजीनचा कोर्स तसा दोन वर्षांचा म्हणतात, पण त्याआधीचे विषय धरले तर तीन-चार वर्षं धरून चाला. हे विषय साधारण असे: ॲनाटॉमी आणि फिजिऑलॉजी भाग एक आणि दोन, मायक्रोबायोलॉजी, रसायनशास्त्र, इंग्रजी लेखन, मानसशास्त्र, समाजशास्त्र, आणि बऱ्याच ठिकाणी भाषण-संवाद किंवा पोषणशास्त्र. विज्ञानाच्या विषयांना प्रयोगशाळा लागते आणि काही कॉलेजांना ऑनलाइन प्रयोगशाळा चालत नाही.

समजा अर्जाची शेवटची तारीख १ फेब्रुवारी आहे आणि वर्ग सप्टेंबरमध्ये सुरू होणार आहेत. ॲनाटॉमीचा दुसरा भाग पहिल्याशिवाय घेता येत नाही, म्हणजे दोन सत्रं गेली. मायक्रोबायोलॉजीला बऱ्याचदा आधी जीवशास्त्राचा एखादा विषय लागतो. म्हणून आदल्याच्या आदल्या सप्टेंबरमध्ये ॲनाटॉमी एक, सोबत इंग्रजी आणि मानसशास्त्र. जानेवारीत ॲनाटॉमी दोन आणि रसायनशास्त्र. उन्हाळ्यात समाजशास्त्र. पुढच्या सप्टेंबरमध्ये एकटं मायक्रोबायोलॉजी, कारण त्याच सत्रात प्रवेश परीक्षाही द्यायची आहे. उन्हाळ्यात सहा आठवड्यांत ॲनाटॉमी उरकणारे बहाद्दर असतात. मला त्यांचा आदर आहे, पण गुणांच्या शर्यतीत हा सल्ला मी कुणाला देणार नाही.

भारतातली पदवी असेल तर

गुणपत्रिका जशीच्या तशी चालत नाही. मूल्यांकन करणाऱ्या संस्थेकडून विषयवार मूल्यांकन करून घ्यावं लागतं, नुसतं पदवीचं नाही. कोणती संस्था चालते ते कॉलेजला आधी विचारा. मूल्यांकन संस्थेला ट्रान्सक्रिप्ट, म्हणजे सगळ्या विषयांचं अधिकृत गुणपत्रक, बहुधा थेट विद्यापीठाकडून लागतं, आणि इथेच महिने जातात. माझी फाइल एका टेबलावर अडीच महिने पडून होती. शेवटी पुण्याहून मामा दोनदा जाऊन उभे राहिले तेव्हा हलली. गावाकडे जाऊन येणारं कुणी असेल तर हे काम त्यांच्यावर सोपवा आणि अधिकारपत्र आधीच पाठवून ठेवा. लग्नानंतर नाव बदललं असेल तर विवाह नोंदणीचा दाखला सोबत जोडा. पदवीवर एक नाव, पासपोर्टवर दुसरं, यात बराच पत्रव्यवहार जातो.

बीडीएसमुळे मला भाषा आणि समाजशास्त्राच्या जातीच्या काही विषयांत सूट मिळाली, हायजीनच्या मूळ विषयांत एकही नाही. ज्या विषयात मी रुग्ण तपासले होते तो पहिल्या धड्यापासून पुन्हा शिकले. मन त्यासाठी आधीच तयार असलेलं बरं. फ्लोरिडात परदेशी दंतवैद्यक पदवीधरांना कोर्स न करता हायजिनिस्टच्या परवान्याचा मार्ग आहे. तिकडे राहणाऱ्यांनी कॉलेजच्या आधी राज्य मंडळाच्या अटी वाचाव्यात.

व्हिसाचं थोडक्यात: एच-४ वर, म्हणजे एच-१बीवर नोकरी करणाऱ्याच्या जोडीदाराच्या व्हिसावर, शिकता येतं, त्यासाठी एफ-१ हा विद्यार्थी व्हिसा घ्यावा लागत नाही. काम करायला मात्र स्वतंत्र परवानगी लागते. सरकारी शैक्षणिक मदतीचा फाफ्सा फॉर्म एच-४ वाल्यांच्या उपयोगाचा नाही.

प्रवेश परीक्षा

बरीच कॉलेजं टीईएएस नावाची परीक्षा घेतात, काही हेसी नावाची. टीईएएसमध्ये वाचन, गणित, विज्ञान आणि इंग्रजी मिळून १७० प्रश्न, २०९ मिनिटं. गणित आपल्या दहावीच्या आतलं आहे, पण पाउंड, आउन्स, इंच यांची सवय करा. विज्ञानाच्या प्रश्नांना ॲनाटॉमीचा ताजा अभ्यास कामी येतो. परीक्षा किती वेळा देता येते आणि दोन प्रयत्नांत किती दिवस हवेत, तेही पुस्तिकेत असतं. म्हणून पहिली परीक्षा शेवटच्या तारखेच्या तीन महिने आधी द्या.

निरीक्षणाचे तास

हायजिनिस्टच्या शेजारी उभं राहून काम बघितल्याचा सही केलेला कागद पुष्कळ ठिकाणी लागतो, कुठे आठ तास, कुठे चाळीस. जवळच्या ऑफिसांत ईमेल करून वाट बघत बसू नका. मंगळवार-बुधवारी दुपारी प्रत्यक्ष जा आणि ऑफिस मॅनेजरला भेटा. मला नऊ ठिकाणी नकार मिळाला, दहाव्या ठिकाणी होकार. आपल्या ओळखीच्या डेंटिस्टकडे जायला हरकत नाही, पण कागदावर सही हायजिनिस्टची आणि तिचा परवाना क्रमांक हवा का, ते आधी बघा.

तिथे मोबाइल बॅगेत ठेवा, कशालाही हात लावू नका आणि रुग्णाचं नाव वहीत लिहू नका. दिवसात आठ-दहा रुग्ण झाल्यावर ती मान आणि मनगट कशी सांभाळते, घाबरलेल्या माणसाशी आधी काय बोलते, डॉक्टर यायला उशीर झाला तर वेळ कसा काढते, हे बघा. घरी येऊन त्याच रात्री लिहून काढा. निबंधाला आणि मुलाखतीला हीच शिदोरी पुरते.

निबंध आणि मुलाखत

सगळ्या कॉलेजांत हे नसतं. काही ठिकाणी निव्वळ गुणांवर यादी लागते. असेल तर 'मला लहानपणापासून लोकांची सेवा करायची होती' या वाक्याने सुरुवात करू नका, समितीने ते त्या आठवड्यात पन्नासदा वाचलेलं असतं. एकच प्रसंग घ्या आणि नीट सांगा. मी मधुमेह असलेल्या एका आजोबांच्या हिरड्यांबद्दल लिहिलं होतं. हायजिनिस्टने त्यांना आरसा हातात देऊन रक्त कुठून येतंय ते दाखवलं होतं, एवढंच.

बीडीएस झालेल्यांना एक प्रश्न चुकत नाही: तुम्ही डेंटिस्ट असताना हायजीन का? आडवळणाने उत्तर देऊ नका. पैशाचं आणि वेळेचं गणित मी सरळ सांगितलं आणि मग हिरड्यांच्या उपचारात मला रस का आहे ते सांगितलं. इथून पुढे डेंटल स्कूलला जायचा बेत असेल आणि त्यांनी विचारलं, तर खोटं बोलू नका.

फॉर्म दोन प्रकारचे असतात. काउंटी कॉलेजचा बहुधा त्यांचाच असतो, आणि आधी कॉलेजचा सर्वसाधारण अर्ज, मग हायजीनचा वेगळा, अशा दोन पायऱ्या असतात. दुसरी राहून गेली म्हणून वर्ष गेलेली माणसं मी पाहिली आहेत. काही विद्यापीठं एडीईए (अमेरिकन डेंटल एज्युकेशन असोसिएशन) या संस्थेच्या केंद्रीय व्यवस्थेतून अर्ज घेतात. पोच मिळालेला ईमेल छापून ठेवा आणि आठवड्याने फोन करून फाइल पूर्ण आहे का ते विचारा.

निवड झाल्यावरचे कागद

हेपटायटिस-बीचे तीन डोस सहा महिन्यांत पसरलेले असतात, म्हणून निवडीची वाट न बघता सुरू करा. लहानपणीचं लसीचं कार्ड सापडत नसेल तर गोवर, कांजिण्या वगैरेंसाठी रक्तातली प्रतिपिंडं तपासून चालतं. क्षयरोगाच्या चाचणीला आपल्यासाठी एक खास मेख आहे: भारतात जन्मलेल्या बहुतेकांना बीसीजी टोचलेली असते, त्यामुळे हातावरची चाचणी उगाच पॉझिटिव्ह येऊ शकते. रक्ताची चाचणी मागा. याशिवाय सीपीआरचं (हृदय बंद पडल्यावर द्यायच्या प्रथमोपचाराचं) प्रमाणपत्र, पार्श्वभूमी तपासणी आणि अमली पदार्थ चाचणी लागते. फी सोडून उपकरणं, लूप्स (डोळ्यांवर लावायची भिंगं), गणवेश आणि परीक्षांचे मिळून काही हजार डॉलर बाजूला ठेवा. वर्ग दिवसभराचे असतात, सोबत पूर्ण वेळ नोकरी होत नाही.

आणखी एक गोष्ट प्रवेशाच्या दिवशी कुणी सांगत नाही: बऱ्याच कॉलेजांत रुग्ण तुम्हालाच शोधून आणावे लागतात, तेही ठरावीक प्रकारचे. त्यात भरपूर कीटण चढलेले लागतातच. आपल्या मंडळाच्या गणपतीत मी आरतीनंतर प्रसादाच्या रांगेत उभ्या काकांना विचारत फिरले. मुलांकडे राहायला आलेल्या आईबाबांचा दातांचा विमा नसतो आणि कॉलेजच्या क्लिनिकमध्ये सफाई अगदी स्वस्तात होते, त्यामुळे ते खुशीने येतात. फक्त एका बैठकीला तीन-चार तास लागतात हे आधी सांगा, आणि दुपारचा चहा चुकेल हेही.

यादीत नाव न येता प्रतीक्षा यादीत आलं तर हार मानू नका. उरलेला एखादा विषय उन्हाळ्यात पूर्ण करा, नवा निकाल समुपदेशकाला कळवा आणि ऑगस्ट संपेपर्यंत अनोळखी नंबरचे फोन उचलत राहा. माझ्या वर्गातल्या दोघींना असा फोन वर्ग सुरू व्हायच्या दहा दिवस आधी आला, आणि उत्तर द्यायला त्यांच्याकडे एक दिवस होता.