‘उजवा’ म्हणजे कोणाचा उजवा?

‘उजवा’ हा शब्द आला की आधी एकच गोष्ट ठरवा: हात कोणाचा? बघणाऱ्याचा असेल असं धरून चाललात तर चुकाल.

नदीच्या बाबतीत पाणी जिकडे जातं तिकडे तोंड करून उभं राहायचं. उजव्या हाताला येतो तो उजवा तीर. पुण्यात मुठा ईशान्येकडे वाहते, म्हणून शनिवारवाडा उजव्या तीरावर आणि डेक्कन जिमखाना डाव्या. जायकवाडीपाशी गोदावरी पूर्वेकडे जाते, म्हणून डावा कालवा जालना-परभणीकडे आणि उजवा बीडकडे. घोळ होतो तो नकाशावर. नदी कागदावर वरून खाली वाहत असेल तर उजवा तीर कागदाच्या डावीकडे येतो. प्रवाहाचा बाण आधी काढा, तीराचं नाव नंतर लिहा.

वैद्यकात बाजू रुग्णाची. छातीचा एक्स-रे रुग्ण समोर उभा असल्यासारखा लावतात, त्यामुळे यकृताची, म्हणजे रुग्णाची उजवी, बाजू आपल्या डावीकडे दिसते. हृदयावरून बाजू ओळखू नका. काहींचं हृदय जन्मतःच उजवीकडे असतं. फिल्मवर ‘आर’ किंवा ‘एल’ची खूण नसेल तर ती फिल्म विचारल्याशिवाय वापरूच नये.

शंखाचं प्रकरण सर्वांत फसवं. जीवशास्त्रात वेटोळ्यांचं टोक वर आणि तोंड आपल्याकडे धरतात. तोंड उजवीकडे आलं तर शंख उजवा. पूजेतला नेहमीचा शंख असाच असतो. मग दुर्मीळ ‘दक्षिणावर्ती’ कोणता? जीवशास्त्र ज्याला डावा म्हणतं तो! परंपरेत निमुळती नळी वर धरतात, आणि उलटा धरला की तोंडाची बाजूही बदलते. बाजारात त्या नावाने अमेरिकेतला एक समुद्री गोगलगायीचा शिंपला खपवतात. त्याचं तोंड मुळातच डावीकडे असतं. तोंडातून आतल्या मधल्या दांड्याकडे पाहा: खऱ्या शंखाला तिथे तीन-चार ठळक वळ्या असतात, त्या शिंपल्याला नसतात.

रसायनशास्त्रात ‘डी’ हे अक्षर ‘उजवा’ अशा अर्थाच्या लॅटिन शब्दावरून आलं, पण ते रेणूची रचना सांगतं, ध्रुवित (एकाच प्रतलात कंप पावणारा) प्रकाश कुठे वळतो ते नाही. डी-फ्रुक्टोज, म्हणजे फळांतली साखर, तो प्रकाश डावीकडे वळवतं.

स्क्रूचं मात्र सोपं. उभा धरा, समोरचे आटे उजवीकडे चढत गेले तर तो उजवा, आणि उलटा धरला तरी उजवाच. घेवड्याचा वेल आणि डीएनएचं नेहमीचं रूपही असंच. फक्त आरशात तो डावा होतो. म्हणून मांडणीच्या सोयीसाठी डीएनएचं चित्र आडवं पलटवू नका. पलटवलं की रेणूच चुकीचा छापला जातो.