सोन्याच्या गाभ्यावर चांदीचं कवच: गाभा-कवच नॅनोकण द्रावणात कसे बनवायचे

गाभा-कवच नॅनोकण बनवताना सगळा झगडा एकाच गोष्टीचा असतो. नव्याने क्षपण झालेला (म्हणजे इलेक्ट्रॉन मिळून क्षारातून धातू बनलेला) चांदीचा अणू सोन्याच्या कणावर बसला पाहिजे, चार-सहा भाऊबंद गोळा करून त्याने वेगळी चूल मांडता कामा नये. खाली दिलेली प्रमाणं आणि वेग त्यासाठीच आहेत.

सुरुवातीला सोनं-चांदी हीच जोडी घ्यावी. दोन्ही धातूंची स्फटिकजाली, म्हणजे अणूंची नियमित मांडणी, जवळपास सारख्या मापाची, सोन्याची ४.०७८ अँगस्ट्रॉम आणि चांदीची ४.०८६. त्यामुळे चांदी सोन्यावर ताण न येता थर धरते. शिवाय बराचसा निकाल डोळ्यांनाच दिसतो: नॅनोकणांच्या द्रावणात सोनं लाल, चांदी पिवळी.

भांडी

काचेची भांडी अम्लराजाने, म्हणजे तीन भाग हायड्रोक्लोरिक आणि एक भाग नायट्रिक आम्लाच्या मिश्रणाने, फ्यूम हूडखालीच धुवावीत. हे मिश्रण बाटलीत झाकण लावून ठेवू नये, वायू साठून बाटली फुटते. ॲसिटोनसारख्या सेंद्रिय द्रावकाशी त्याची गाठ पडू देऊ नये. अम्लराज क्लोराइड मागे ठेवतं आणि क्लोराइड चांदीचा वैरी, म्हणून चांदीच्या टप्प्याची भांडी अतिशुद्ध पाण्याने आठ-दहा वेळा खळबळून घ्या. नळाचं पाणी कुठेच नको.

सोन्याची बीजं

बीजं म्हणजे ज्यांच्यावर पुढे कवच चढवायचं ते सोन्याचे गाभे. ही पद्धत टर्केविच यांची, १९५१ची. यात सायट्रेट सोन्याचं क्षपण करतं आणि कणांवर बसून त्यांना एकमेकांपासून दूर ठेवतं. सायट्रेटचं प्रमाण बदलून कणाचा आकार ठरवता येतो, हे फ्रेन्स यांनी १९७३मध्ये दाखवलं.

क्लोरोऑरिक आम्ल ट्रायहायड्रेटचं १ टक्का द्रावण १ मिली घेऊन ते ९९ मिली पाण्यात घाला. सोनं साधारण ०.२५ मिलिमोलर होतं. आम्ल तोलायला स्टीलचा चमचा वापरू नका, ते स्टील खातं आणि सोनं चमच्यावरच उतरतं. द्रावण कंडेन्सर लावून, ढवळत खळखळ उकळा. मग ट्रायसोडियम सायट्रेटचं १ टक्का द्रावण २ मिली एका दमात ओता. थेंब थेंब घातलंत तर बीजं वेगवेगळ्या वेळी जन्मतात आणि लहानमोठी होतात. रंग आधी उडतो, मग करडा-निळसर, जांभळा आणि शेवटी माणकासारखा लाल होतो. त्यानंतरही १५ मिनिटं उकळू द्या. क्षपण न झालेलं सोनं उरलं तर ते पुढे चांदीचं कवच कुरतडतं. कण सुमारे १६ नॅनोमीटरचे मिळतात, प्रकाश सर्वाधिक शोषला जातो ती तरंगलांबी, म्हणजे शोषणाचं शिखर, ५२० नॅनोमीटरच्या आसपास.

धुणं: हा टप्पा गाळू नका

प्रत्येक सोन्याच्या अणूबरोबर चार क्लोराइड येतात, म्हणजे बीजद्रावणात १ मिलिमोलर क्लोराइड असतं. सिल्व्हर क्लोराइडचा विद्राव्यता गुणाकार (चांदी आणि क्लोराइडच्या प्रमाणांचा गुणाकार याच्या वर गेला की साका पडतो) १.८ × १०⁻¹⁰. एवढ्या क्लोराइडमध्ये चांदी ०.१८ मायक्रोमोलरच्या वर गेली की साका पडायला लागतो, आणि पुढच्या कृतीतला सिल्व्हर नायट्रेटचा १०० मायक्रोलिटरचा एकच हप्ता ती ८.६ मायक्रोमोलरवर नेतो. एकदा धुऊन ९५ टक्के द्रव काढला तरी मर्यादा ३.६ मायक्रोमोलरच होते. दोनदा धुतल्यावर ती ७० मायक्रोमोलरच्या पुढे जाते, तेव्हा काम सुरक्षित.

सेंट्रीफ्यूज १०,००० ते १२,००० जी (गुरुत्वाच्या इतक्या पट), ३० मिनिटं. तळाचा गाळ साध्या पाण्यात नव्हे, २ मिलिमोलर सायट्रेटमध्ये मोकळा करा. साध्या पाण्यात कणांवरचं सायट्रेट सुटतं आणि ते एकमेकांना चिकटतात.

धुताना थोडं सोनं वाया जातंच. म्हणून १ सेंमी क्युव्हेटमध्ये ४०० नॅनोमीटरवरचं शोषण मोजा आणि सायट्रेटने पातळ करून ते ०.६ वर आणा. म्हणजे सोनं पुन्हा ०.२५ मिलिमोलर झालं. ४०० नॅनोमीटरवर कणाच्या आकाराचा प्रभाव कमी असतो, म्हणून हाच आकडा धरायचा.

चांदी किती लागेल

इथे निसर्गाने सोय करून ठेवली आहे. एक मोल सोनं १०.२ घन सेंमी जागा घेतं, एक मोल चांदी १०.३. म्हणजे आकारमानाचं गुणोत्तर हेच मोलचं गुणोत्तर. १६ नॅनोमीटरच्या गाभ्यावर ४ नॅनोमीटरचं कवच हवं तर कण २४ नॅनोमीटरचा होणार. (२४/१६)³ − १ = २.३७५. दहा मिली बीजांत २.५ मायक्रोमोल सोनं आहे, तेव्हा चांदी सुमारे ५.९ मायक्रोमोल. कवच दुप्पट, म्हणजे ८ नॅनोमीटर हवं असेल तर गुणोत्तर ७ होतं. जाडी दुप्पट, चांदी जवळपास तिप्पट. इथे भले भले फसतात.

कवच चढवणं

१० मिली धुतलेली बीजं खोलीच्या तापमानाला ढवळत ठेवा. ताजं बनवलेलं १० मिलिमोलर ॲस्कॉर्बिक आम्ल (१० मिलीत १७.६ मिग्रॅ) १.५ मिली घाला. चांदीचं क्षपण हेच करतं. त्याचा एक रेणू दोन इलेक्ट्रॉन देतो, त्यामुळे हे गरजेच्या पाचपट झालं. आता १ मिलिमोलर सिल्व्हर नायट्रेट (१०० मिलीत १७ मिग्रॅ) ५.९ मिली, सिरिंज पंपाने मिनिटाला ०.१ मिली या वेगाने सोडा. पंप नसेल तर दर मिनिटाला १०० मायक्रोलिटर पिपेटने. तासभर लागतो, घाई करू नका. संपल्यावर आणखी अर्धा तास ढवळा.

लाल रंग केशरी आणि मग पिवळसर होत जातो. ५२० चं शिखर निळ्या बाजूला सरकतं आणि ४०० च्या बाजूला चांदीचं उंच होत जातं.

बिघडलं तर

४०० चं टोकदार शिखर पहिल्या काही मिनिटांतच उभं राहिलं आणि ५२० चं जागचं हललं नाही, तर चांदीने वेगळे कण केले. चांदीचा वेग निम्मा करा आणि पीएच तपासा. ॲस्कॉर्बिक आम्लाचा पीकेए (ज्या पीएचला निम्मे रेणू प्रोटॉन सोडतात तो) ४.२ आहे, त्याच्या बराच वर गेलात की क्षपण झपाट्याने होतं. बीजांशिवाय हीच कृती करून पाहा, तिथे पिवळा रंग जितका उशिरा चढेल तितकं बरं.

पांढुरकं गढूळ होऊन उजेडात जांभळट झालं तर सिल्व्हर क्लोराइड. करडं-काळं झालं तर कण एकत्र आले, सायट्रेट कमी पडलं.

क्रम उलटा करून चांदीच्या गाभ्यावर सोनं चढवायला गेलात तर सोन्याचा क्षार (क्षपण विभव १.०० व्होल्ट) चांदीलाच (०.८० व्होल्ट) विरघळवतो; ज्याचा विभव जास्त तो इलेक्ट्रॉन ओढून घेतो. एका सोन्यामागे तीन चांदीचे अणू जातात आणि हातात पोकळ कण येतात. ते हवे असतील तर उत्तम, पण ती कृती वेगळी.

पडताळणी आणि साठवण

टीईएम (पारगामी इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शक) चित्रात गाभा गडद आणि कवच फिकं दिसतं, कारण सोन्याचा अणुक्रमांक ७९ आणि चांदीचा ४७. निदान शंभरेक कण मोजा. रंग छान आला म्हणजे कवच बसलं असं नाही. सोन्याचे आणि चांदीचे वेगवेगळे कण मिसळले तरी द्रावण केशरी दिसतं.

कण अंधारात, ४ अंश सेल्सिअसला ठेवा, मिठाच्या बफरमध्ये अजिबात नको. सिल्व्हर नायट्रेटने हात काळे पडतात, हातमोजे घाला. त्याचा कचरा अमोनियात मिसळून ठेवू नका, त्यातून स्फोटक सिल्व्हर नायट्राइड बनू शकतं.