ट्रेलरवरच्या शिडाच्या बोटीचं डिझाइन दाखवताय? आधी वजनाचा हिशोब करा

स्वतः काढलेलं डिझाइन जाणकाराला दाखवताना नुसता थ्रीडी फोटो पाठवून "कसं वाटतंय?" विचारलं तर "मस्त" एवढंच उत्तर येतं, कारण फोटोवरून बोट तरंगेल कशी हे कुणालाच कळत नाही. लाइन्स प्लॅन (बोटीचा आकार छेदांतून दाखवणारं रेखाचित्र) द्या, सोबत लांबी, रुंदी, सेंटरबोर्ड (तळातून वर-खाली होणारी फळी) वर आणि खाली असतानाचा ड्राफ्ट (बोट पाण्यात किती खोल जाते ते), शिडाचं क्षेत्रफळ, आणि सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे वजनाचा तक्ता. हल (बोटीचं मुख्य कवच), डेक, बॅलास्ट (बोट स्थिर राहावी म्हणून खाली ठेवलेलं वजन), मास्ट (शिडाचा खांब), इंजिन, पाणी, माणसं, प्रत्येकाचं वजन आणि ते कुठे बसतं ते लिहा. नवशिक्या डिझाइनमध्ये वजन बहुतेक वेळा कमीच धरलेलं असतं, मग बोट ठरवलेल्या वॉटरलाइनच्या (पाणी बोटीला जिथवर लागायला हवं त्या रेषेच्या) खाली बसते आणि पुढची सगळी गणितं कोलमडतात. हा तक्ता करायला कंटाळा येतो हे मान्य, पण ट्रेलरसकट एकूण वजन गाडी ओढू शकेल का तेही त्यातूनच कळतं.

ट्रेलरवरून रस्त्याने न्यायची तर रुंदी मात्र कायद्याने बांधलेली असते, युरोपात साधारण २.५५ मीटर, अमेरिकेत बहुतेक ठिकाणी ८.५ फूट, तेव्हा आपल्याकडचा नियम आधीच बघून घ्या.

प्रश्न नेमके विचारा. शिडाचा मध्य सेंटरबोर्डच्या मानाने फार मागे तर नाही ना, कारण मग बोट सारखी वाऱ्याकडे वळते. बोर्ड वर असताना बोट कितपत स्थिर राहील. मास्ट एकट्याला उभा करता येईल का. आणि कुणी "बॅलास्ट वाढवा" म्हणालं तर लगेच चित्र बदलू नका, किती आणि का ते आकड्यात विचारा.