आठवडे बाजारात ‘पोरं धरणाऱ्यां’ची अफवा उठली, तर गावाने काय करावे

धुळे जिल्ह्यातील साक्री तालुक्यात राईनपाडा येथे १ जुलै २०१८ रोजी, रविवारच्या आठवडे बाजारात, मुले पळवणारी टोळी समजून जमावाने पाच जणांचा जीव घेतला. भिक्षा मागत गावोगाव फिरणाऱ्या नाथपंथी डवरी गोसावी समाजातील ही माणसे होती आणि त्यांपैकी बहुतेक सोलापूर जिल्ह्यातील मंगळवेढा तालुक्याची होती. ग्रामपंचायतीच्या खोलीत त्यांना कोंडून मारण्यात आले. त्याच दिवशी, खानदेशाच्या वेशीवरच्या मालेगावातही तशाच संशयावरून जमावाने एका भटक्या कुटुंबाला घेरले होते आणि त्यांच्यासोबत लहान मूलही होते. तेथे मात्र वस्तीतल्याच लोकांनी त्यांना एका घरात घेतले, पोलीस येईपर्यंत जमावाला दाराबाहेर रोखून धरले आणि ते कुटुंब वाचले. दोन्हीकडे अफवा एकच होती आणि जमावही सारखाच खवळलेला होता. फरक दारात उभ्या राहिलेल्या माणसांचा होता. अशी माणसे ऐन वेळी आपोआप उभी राहत नाहीत, त्यांची तजवीज गावाने आधीच करून ठेवावी लागते. ती कशी करावी, हे सरपंच, पोलीस पाटील, शिक्षक, आशा सेविका आणि बाजारात दुकान लावणाऱ्यांसाठी येथे मांडले आहे.

सर्वप्रथम आपल्या गावातील भीती नीट समजून घ्यावी. दिवाळीनंतर नंदुरबार जिल्ह्यातील धडगाव, अक्कलकुवा, शहादा या भागांतील असंख्य कुटुंबे ऊसतोडीसाठी गुजरातकडे जातात आणि अनेक घरांत मुले आजी-आजोबांच्या भरवशावर मागे राहतात. अशा घरातील म्हातारीला मूल पळवले जाण्याची भीती वाटते, तेव्हा तिला अडाणी ठरवून गप्प करणाऱ्याचे पुढे कोणीही ऐकत नाही. सातपुड्यातील अनेक पाड्यांवर मोबाइलला रेंज नसते. त्यामुळे संदेश मूळ रूपात न पोहोचता बाजाराहून परतलेल्या माणसाच्या तोंडून पोहोचतो आणि तो कोठून आला हे तपासण्याची सोयच उरत नाही. त्यात पोलीस ठाणे दूर असते आणि तक्रार घेऊन गेल्यावर ताटकळत बसावे लागल्याचा अनुभव अनेकांच्या गाठीशी असतो. म्हणून मुलांच्या सुरक्षिततेची खरी व्यवस्था आणि अफवेविरुद्धची तयारी एकाच बैठकीत ठरवावी. बालकांसाठीची १०९८ ही हेल्पलाइन आणि तातडीच्या मदतीचा ११२ हा क्रमांक शाळेच्या व अंगणवाडीच्या भिंतीवर मोठ्या अक्षरांत रंगवून घ्यावा. पालक स्थलांतरित असलेल्या मुलांकडे कोणी लक्ष द्यायचे, हे नावानिशी ठरवावे.

दुसरे काम बाहेरून येणाऱ्या माणसांविषयीचे आहे. डवरी गोसावी, बहुरूपी, नंदीवाले, वासुदेव हे लोक आपल्या भागात पिढ्यान्‌पिढ्या येत आहेत. भटक्या-विमुक्तांपैकी अनेक जमातींवर इंग्रजांनी १८७१ च्या कायद्याने जन्मजात गुन्हेगार असल्याचा शिक्का मारला होता. तो कायदा १९५२ साली रद्द झाला, तरी त्या शिक्क्याची सावली आजही प्रत्येक पालावर पडलेली दिसते. गावात उतरणाऱ्या मंडळींनी पोलीस पाटलाकडे किंवा ठाण्यात मुसाफिरी लावण्याची, म्हणजे आपण आल्याची नोंद करण्याची, पद्धत जुनीच आहे. ती त्यांच्या संरक्षणासाठी वापरावी. पोलीस पाटलाने स्वतः पालावर जावे, अदबीने चौकशी करावी, आपला फोन नंबर द्यावा आणि शेजारच्या गावांच्या पोलीस पाटलांना व सरपंचांना त्याच दिवशी कळवावे. गावातल्या माणसांनी ज्यांच्यासोबत एकदा चहा घेतला आहे, त्यांच्यावर हात उचलणे कठीण होते. ही नोंद कोणाला हुसकून लावण्याचे किंवा पैसे उकळण्याचे साधन होऊ लागली, तर पुढच्या खेपेस कोणीही नोंद करणार नाही आणि सगळी व्यवस्थाच कोसळेल.

तिसरे काम म्हणजे माणसे नेमणे. बाजाराच्या दिवशी हजर असतील अशा सात-आठ जणांची यादी करावी आणि त्यांत केवळ पुढारी घेऊ नयेत. ज्यांचा शब्द बाजारात चालतो ते किराणा दुकानदार, गाडीवाले, शाळेतले जुने गुरुजी आणि विशेषतः वयस्क स्त्रिया यांचा त्यांत समावेश असावा. गावात ज्या ज्या समाजांची वस्ती आहे, त्या प्रत्येकातील किमान एक माणूस यादीत हवाच, कारण चिडलेला तरुण आपल्याच काका-मामाचे आधी ऐकतो. तंटामुक्ती समिती जिवंत असेल तर तिच्याकडे हे काम द्यावे, ती केवळ कागदावर असेल तर स्वतंत्र यादी करावी. फोन कोणी लावायचा, भोंग्यावर कोणी बोलायचे, संशयित माणसाजवळ कोणी उभे राहायचे आणि त्याला कोणाच्या घरात न्यायचे, हे आधीच ठरलेले असावे.

प्रत्यक्ष गर्दी जमू लागली की क्रम असा ठेवावा. एकाने लगेच ११२ ला आणि ठाण्याला फोन लावावा. ‘भांडण सुरू आहे’ असे मोघम न सांगता ‘मुले पळवणारे समजून लोकांनी अमुक इतक्या जणांना घेरले आहे, जीव धोक्यात आहे’ असे स्पष्ट सांगावे आणि गावाचे नाव, रस्ता व ओळखीची खूण द्यावी. त्याच वेळी दोघा-तिघांनी घेरलेल्या माणसाच्या अगदी जवळ जाऊन उभे राहावे. गर्दीला ज्यांचे चेहरे ओळखीचे आहेत त्यांनीच हे करावे, कारण अनोळखी माणसावर दगड उचलणारा हात शेजाऱ्यापुढे थबकतो. घेरलेल्यांची झडती, उलटतपासणी किंवा आधार कार्डाची मागणी चारचौघांत अजिबात करू नये. घाबरलेला माणूस अडखळतो, भाषा न कळल्यामुळे चुकीचे उत्तर देतो आणि जमावाला तोच पुरावा वाटतो. त्यांना तेथून हलवावे, मात्र ओस कार्यालयात कोंडून बाहेरून कडी लावू नये. सार्वजनिक खोलीचे दार तोडताना कोणाला संकोच वाटत नाही. राहते घर निवडावे, त्याला मागचे दार असेल तर उत्तम. घरमालकाने आणि त्या घरातील बायकांनी उंबऱ्यात उभे राहावे.

भोंग्यावरून बोलताना भाषण करू नये. मंदिराचा, मशिदीचा किंवा ग्रामपंचायतीचा जो भोंगा हाताशी असेल त्यावरून दोन-तीन वाक्ये अहिराणीत, पावरीत किंवा मावचीत, म्हणजे तेथील बाजार ज्या बोलीत चालतो त्या बोलीत, पुन्हा पुन्हा सांगावीत. ‘पोलिसस्ले फोन करेल शे. कोनीबी हात उचलानं नही. समदा मांगे सरका.’ एवढे पुरते. ‘ही माणसे निर्दोष आहेत’ असे त्या क्षणी पटवत बसल्यास वाद वाढतो. मारायचे नाही, पोलीस येत आहेत, यावरच ठाम राहावे. बाजारात हिंडणारी मुले आपापल्या आईजवळ पोहोचतील असे पाहावे. मुले डोळ्यांसमोर सुखरूप दिसली की निम्मी गर्दी पांगते.

कायद्याची माहिती गर्दीत सांगून उपयोग नाही, ती आधीच्या ग्रामसभेत सांगावी. भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम ४० नुसार सामान्य माणूस दुसऱ्याला पकडू शकतो, पण आपल्या समक्ष दखलपात्र व अजामीनपात्र गुन्हा घडत असेल किंवा ती व्यक्ती घोषित गुन्हेगार असेल तरच, आणि पकडल्यानंतर विनाविलंब, जास्तीत जास्त सहा तासांच्या आत, तिला पोलिसांच्या हवाली करावे लागते. निव्वळ संशय त्यात बसत नाही. पाच किंवा अधिक जणांनी मिळून वंश, जात, जन्मस्थान, भाषा किंवा अशाच कारणावरून खून केला, तर १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेच्या कलम १०३(२) खाली प्रत्येकाला फाशी किंवा जन्मठेप होऊ शकते. ‘मी नुसता उभा होतो, व्हिडिओ काढत होतो’ असे म्हणणारी पोरेही अशा गुन्ह्याच्या तपासात अडकतात, हे त्यांच्या आईवडिलांना ठणकावून सांगावे. जमावाकडून होणाऱ्या हत्या रोखण्यासाठी सर्वोच्च न्यायालयाने १७ जुलै २०१८ च्या निकालात प्रत्येक जिल्ह्यात पोलीस अधीक्षक दर्जाचा नोडल अधिकारी नेमण्याचे निर्देश दिले आहेत. आपल्या जिल्ह्यातील त्या कार्यालयाचा क्रमांक ग्रामपंचायतीत लावून घ्यावा.

व्हॉट्सअ‍ॅपबाबत गावाच्या ग्रुपच्या अ‍ॅडमिनने एक गोष्ट शिकून घ्यावीच. तणावाच्या दिवशी ‘फक्त अ‍ॅडमिन संदेश पाठवू शकतील’ ही सेटिंग तात्काळ चालू करावी. संदेशावर दुहेरी बाण दिसला, तर तो अनेकदा पुढे ढकलला गेला आहे, असे समजावे. २०१८ मध्ये देशभर फिरलेला, मोटारसायकलवरून मूल उचलून नेल्याचा व्हिडिओ कराचीतील एका संस्थेने मुलांच्या सुरक्षिततेविषयी जागृतीसाठी बनवला होता. मूल परत आणून सोडल्याचा शेवटचा भाग कापून तो पसरवण्यात आला. ग्रामसभेत तो पूर्ण व्हिडिओ दाखवावा. शंभर सूचनांपेक्षा कापून टाकलेला तो शेवटचा भाग पाहण्याचा परिणाम अधिक होतो.

प्रसंग टळल्यानंतर दोन कामे उरतात आणि बहुतेक गावे तीच विसरतात. ज्या ग्रुपवर अफवा आली, त्याच ग्रुपवर, शक्य तर ती पाठवणाऱ्याच माणसाकडून, खुलासा टाकून घ्यावा. त्याला झोडपून काढण्याऐवजी खुलाशात सहभागी करून घेतल्यास पुढच्या वेळी तो विचारून पाठवतो. ज्यांना घेरले होते त्यांच्यावर औषधोपचार करावेत, त्यांचे हरवलेले सामान शोधून द्यावे, त्यांना तक्रार द्यायची असल्यास गावाने दबाव आणू नये आणि त्यांच्या पुढच्या मुक्कामाच्या गावातील पोलीस पाटलाला फोन करून ही मंडळी आमच्या ओळखीची आहेत असे कळवावे.