धडधडीची गोळी आणि मनाची गोळी एकत्र चालू असेल तर काय करावं

मागच्या उन्हाळ्यात परभणीतल्या माझ्या औषध दुकानात एका मावशींनी काउंटरवर कॅरीबॅग उलटी केली. सात पट्ट्या निघाल्या. त्यातल्या चार कात्रीने अशा कापलेल्या, की नावाचा तुकडा कुठल्यातरी दुकानातच राहिलेला. "ही धडधडीची, ही झोपंची, ही नसांची," त्या एकेक पट्टी सरकवत सांगत होत्या. "आन् चार दिस झाले, उठलं की डोळ्यापुढं अंधारी यायलीय, लेकरा."

नाव शिल्लक असलेली धडधडीची पट्टी मेटोप्रोलॉलची होती, संभाजीनगरच्या हृदयरोगतज्ज्ञांनी लिहिलेली. 'झोपंची' म्हणजे पॅरोक्सेटिन हे नैराश्याचं औषध आणि क्लोनाझेपाम एकत्र असलेली गोळी, ती दुसऱ्या गावच्या डॉक्टरांची. मी नाडी मोजली. मिनिटाला ४६. दोन्ही डॉक्टरांना एकमेकांची चिठ्ठी ठाऊक नव्हती. हृदयरोगतज्ज्ञांना फोन लावला आणि त्याच दिवशी मेटोप्रोलॉलचा डोस बदलला गेला.

मेटोप्रोलॉल यकृतात फुटतं आणि शरीराबाहेर जातं. ते फोडणाऱ्या एन्झाइमचं नाव सीवायपी २डी६. पॅरोक्सेटिन आणि फ्लुओक्सेटिन ही नैराश्याची औषधं नेमकं हेच एन्झाइम अडवतात. गोळी तेवढीच, पण रक्तातलं प्रमाण कित्येक पटींनी वाढतं, आणि नाडी मंदावते, बीपी उतरतं. हृदयाच्या ठोक्यांसाठीच दिल्या जाणाऱ्या फ्लेकेनाइड आणि प्रोपाफेनोन यांचाही मार्ग हाच.

दुसरा धोका वेगळा. प्रत्येक ठोक्यानंतर हृदय विजेच्या दृष्टीने पुन्हा सज्ज व्हायला ठरावीक वेळ घेतं. ईसीजीवर तो क्यूटी म्हणून मोजतात. अमिओडारोन आणि सोटालॉल ही ठोक्यांची औषधं हा वेळ लांबवतात. सिटॅलोप्रॅम, एस्सिटॅलोप्रॅम ही नैराश्याची औषधं आणि ॲमिट्रिप्टिलिनसारखी त्यातली जुनी औषधंही लांबवतात. दोन्हीकडून ताण पडला तर हृदयाचा ताल बिघडून माणूस अचानक बेशुद्ध पडू शकतो, क्वचित जीवही जातो. म्हणूनच अमेरिकेच्या औषध नियामकाने २०११ साली सिटॅलोप्रॅमचा डोस दिवसाला ४० मिलिग्रॅमपर्यंत मर्यादित केला, आणि २०१२ साली साठीपुढच्यांसाठी २० मिलिग्रॅमची मर्यादा सुचवली.

हे वाचून घाबरून जाऊ नका. या दोन्ही प्रकारच्या गोळ्या एकत्र घेणारी हजारो माणसं नीट आहेत, पण त्यांच्यावर कुणाचंतरी लक्ष असतं.

सुरुवात यादीपासून

रंगावरून किंवा 'धडधडीची', 'झोपेची' अशी यादी करू नका. पट्टीवरचं औषधाचं नाव, किती मिलिग्रॅम, दिवसातून किती वेळा, कधीपासून, कुणी दिली, एवढं लिहा. कंपनीचं मोठं नाव फसवं असतं, त्याखाली बारीक अक्षरात लिहिलेलं औषधाचं नाव खरं. सुट्या गोळ्या घेत असाल तर दुकानदाराकडून नावाचा तुकडा मागून घ्या, निदान मोबाइलवर फोटो काढा. हे मागताना संकोच करू नका. नाव न कापता गोळ्या देणं हे आमचंच काम आहे.

आता घरात आणखी काय चालू आहे ते शोधा, कारण नैराश्याची औषधं वेगळ्याच नावाने घरात आलेली असतात. शुगरमुळे पाय जळजळतात म्हणून दिलेल्या 'नसांच्या' गोळीत बऱ्याचदा नॉरट्रिप्टिलिन किंवा ॲमिट्रिप्टिलिन असतं. अर्धशिशीसाठीही ॲमिट्रिप्टिलिन देतात. छातीत घाबरल्यासारखं होतं म्हणून दिलेल्या गोळीत एस्सिटॅलोप्रॅम असू शकतं. 'ॲसिडिटीच्या' कॅप्सूलमध्ये पॅन्टोप्रॅझोलबरोबर डॉम्पेरिडोन असेल, तर तेही क्यूटी लांबवतं. ते नैराश्याचं औषध नाही, पण हिशेबात धरावंच लागतं. वैद्यांच्या पुड्याही लिहा.

आणि मनाची गोळी लपवू नका. आपल्याकडे 'डोक्याच्या डॉक्टर'कडे जाणं अजून सासरी सांगितलं जात नाही, मोठ्या दवाखान्यातही सांगितलं जात नाही. मी बायकांना ती गोळी पदराच्या गाठीत बांधून नेताना पाहिलंय. हृदयाच्या डॉक्टरांपासून ती लपवली, तर ते अर्धाच माणूस तपासत असतात.

यादी दोघांसमोर ठेवा

हृदयाचे डॉक्टर आणि मनोविकारतज्ज्ञ, दोघांनाही तीच यादी द्या. मनोविकारतज्ज्ञ जवळ नसतील तर जिल्हा रुग्णालयात किंवा संभाजीनगरची घाटी, अंबाजोगाई, लातूर, नांदेड इथल्या सरकारी वैद्यकीय महाविद्यालयांच्या रुग्णालयांत तो विभाग आहे. विचारायचं एवढंच:

- नवी गोळी सुरू करण्याआधी आणि सुरू झाल्यावर काही दिवसांनी ईसीजी काढायचा का? माझा क्यूटीसी, म्हणजे नाडीच्या वेगाप्रमाणे दुरुस्त केलेला क्यूटी, किती? (५०० मिलिसेकंदांपुढे गेला तर धोका बराच वाढतो. दोन्ही ईसीजींचे कागद जपून ठेवा.)
- रक्तातलं पोटॅशियम, मॅग्नेशियम, सोडियम कधी तपासायचं?
- रक्त पातळ करणारी गोळी चालू आहे, त्यात फरक पडेल का?

तिसरा प्रश्न वॉरफॅरिन, ॲसिनोकुमरॉल किंवा तशी नवी औषधं घेणाऱ्यांनी हमखास विचारावा. सर्ट्रालिन, फ्लुओक्सेटिन या गटातली औषधं रक्तस्राव होण्याची शक्यता वाढवतात. हिरड्यांतून रक्त, काळी शी, अंगावर निळे डाग दिसले तर त्याच दिवशी कळवा.

अमिओडारोन घेणाऱ्यांसाठी आणखी एक गोष्ट. त्यात आयोडीन भरपूर असतं आणि थायरॉइड मंदावू शकतं. मंद थायरॉइडचा माणूस गळून जातो, कशात मन लागत नाही, झोप झोप होते. हुबेहूब नैराश्यासारखं. म्हणून मनाची गोळी लिहून घेण्याआधी टीएसएच, म्हणजे थायरॉइडची रक्ततपासणी, केलीय का, हे विचारा.

हृदयरोग्यांना मनोविकारतज्ज्ञ बरेचदा सर्ट्रालिन देतात. हार्ट अटॅक किंवा अस्थिर अँजायना झालेल्या ३६९ रुग्णांवर त्याचा अभ्यास झाला, तो २००२ साली प्रसिद्ध झाला आणि त्यात हृदयाच्या दृष्टीने ते सुरक्षित दिसलं. तरी तुम्हाला तेच चालेल असं नाही, ते डॉक्टर ठरवतील.

पहिले काही आठवडे

नवी गोळी लागली किंवा डोस बदलला की रोज सकाळी अंथरुणातून उठण्याआधी नाडी मोजा. अंगठ्याच्या मुळाशी मनगटावर दोन बोटं ठेवायची, घड्याळात पूर्ण एक मिनिट. पंधरा सेकंद मोजून चारने गुणू नका, अनियमित नाडीत तो आकडा चुकतो. तारखेसमोर लिहीत जा. ५० च्या खाली आली, किंवा चक्कर, अंधारी, धाप असेल तर डॉक्टरांना फोन. बेशुद्ध पडलं तर वाट न पाहता १०८.

आपल्या भागात उन्हाळ्यात ही काळजी दुप्पट घ्यावी लागते. पारा ४२ वर गेलेला, शेतातून आलेला माणूस घामाने निथळलेला, त्यात लघवीची गोळी चालू, वरून जुलाब. पोटॅशियम घसरतं, आणि एरवी चाललेली जोडी अंगावर येते. गावातले डॉक्टर अशा वेळी ॲझिथ्रोमायसिन आणि उलटीसाठी ओन्डॅन्सेट्रॉन देतात. दोन्ही क्यूटी लांबवतात. म्हणून सलाईन लावण्याआधीच यादी पुढे करा. हृदयासाठी पाणी मोजून प्यायला सांगितलं असेल तर ओआरएस किती घ्यायचं तेही विचारून घ्या.

स्वतःहून काहीही बंद करू नका

पॅरोक्सेटिन किंवा व्हेन्लाफॅक्सिन एकदम सोडलं तर चक्कर, मळमळ, बेचैनी येते, आणि दडपलेलं नैराश्य उसळतं. मेटोप्रोलॉल एकदम सोडलं तर धडधड आणि छातीतलं दुखणं परततं. मन फार खचलं आणि डॉक्टर लगेच मिळत नसतील तर टेली मानस या सरकारी हेल्पलाइनचा १४४१६ हा नंबर फुकट आहे, मराठीत बोलता येतं.

डॉक्टरांनी एखादी गोळी बंद केली तरी यादीतून खोडू नका, पुढे तारीख टाका. फ्लुओक्सेटिनचा असर सुमारे पाच आठवडे राहतो, अमिओडारोनचा तर महिनोन्‌महिने. शिवाय अडवणारं औषध गेलं की उलटंही होतं. मावशींचं पॅरोक्सेटिन मनोविकारतज्ज्ञांनी हळूहळू कमी करत थांबवलं, तेव्हा कमी केलेलं मेटोप्रोलॉल पुरेनासं झालं आणि धडधड परत सुरू झाली. पण या वेळी नातवाने शाळेच्या वहीच्या पानावर सगळं लिहून आणलं होतं: 'झोपेची बंद', तारीख, आणि त्याखाली रोजची नाडी, ६२, ७०, ८८, ९६. डॉक्टरांनी ते पान पाहूनच नवा डोस लिहिला.